बॅटरीची बरकत

पगार तेवढाच असतो, पण एका घरात तो पंचवीस तारखेपर्यंत पुरतो आणि दुसऱ्या घरात दहा तारखेलाच किराणा दुकानाची उधारी सुरू होते. पहिल्या घरात बरकत आहे, असे आमची अम्मी म्हणायची. आज हा शब्द आम्हाला वारंवार आठवतो तो मोबाइलच्या बॅटरीमुळे. तोच मोबाइल, तीच बॅटरी. एकाची संध्याकाळपर्यंत चालते, दुसऱ्याची दुपारी जोहरच्या अजानीलाच लाल होते. नवा स्मार्टफोन घेतलेला प्रत्येक जण आठवड्याभरात आमच्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्याला गाठून विचारतो, "सर, नया मोबाइल है, फिर भी बॅटरी टिकती नहीं. क्या करना?"

हा प्रश्न तिरोड्यात विचारला जावा, यात एक गंमत आहे. आमच्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत ६६० मेगावॅटचे पाच संच असलेले औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. त्याच्या चिमण्या दुरूनही दिसतात. विजेचा असा दरिया दाराशी असताना आम्ही एकेक टक्का मोजत बसतो! पण वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नदीला पाणी किती, हा प्रश्न वेगळा आणि आपल्या लोट्याचे आपण काय करतो, हा प्रश्न वेगळा.

वर्गात आम्ही मुलांकडून एक गणित करून घेतो. आजच्या साध्या स्मार्टफोनची बॅटरी ५००० एमएएचची असते, व्होल्टेज साधारण ३.८५. गुणाकार केला की १९ वॅट-तासांच्या थोडे वर येते. चार्जरमध्ये आणि उष्णतेत जाणारी वीज धरून २५ म्हणू. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये मोबाइल ४० वेळा पूर्ण चार्ज होतो आणि रोज एकदा चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिटच लागतात. आमच्या गावचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला ३३ लाख युनिट तयार होतील. तेवढ्यात १३ कोटींहून अधिक मोबाइल चार्ज होतील. हा आकडा निघाला की वर्गात सुबहानल्लाहचा एकच गजर होतो.

या गणितातून एक गोष्ट स्पष्ट होते. बॅटरी जपायची ती वीज बिलासाठी नव्हे. बिलात मोबाइलचा वाटा नगण्य आहे. महाग आहे ती खुद्द बॅटरी आणि त्याहून महाग आहे ती वेळ, जेव्हा मोबाइल चालू असायलाच हवा होता.

अशी वेळ आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा ओटीपी. आमच्या एका विद्यार्थ्याची आई बिड्या वळते. नवरा सेंट्रिंगच्या कामावर रायपूरला. ती शाळा सुटल्यावर मोबाइल घेऊन आली. "सर, इसमें ओटीपी आयेगा ना? सुबह से चार्जिंग पे लगाई थी, फिर भी तीनच परसेंट है." पहिला ओटीपी आला, आम्ही भरला. नवऱ्याला फोन लावून त्याच्याकडचा आकडा विचारायचा, तोच मोबाइल बंद. ओटीपी काही मिनिटांचाच पाहुणा असतो. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले, तेही दुसऱ्या दिवशी, कारण नवरा तोवर कामावर चढला होता. महिन्याचे पंधराशे रुपये त्या बाईसाठी काय आहेत, हे इथे सांगायची गरज नाही. शहरातल्या माणसाची बॅटरी संपली तर त्याचे गाणे थांबते. तिची संपली तर तिचा हक्क अडतो.

म्हणून बॅटरीचे आयुष्य म्हणताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक, आजचा दिवस किती पुरेल. दुसरी, बॅटरी किती वर्षे चालेल. ज्यांना दर वर्षी मोबाइल बदलता येतो त्यांना पहिली गोष्ट पुरेशी आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांनी व्याजाचा हप्ता नको म्हणून वर्ष-दोन वर्षे पैसे साठवून मोबाइल घेतलेला असतो. त्यांना दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची.

आतली गोष्ट समजली तर नियम पाठ करावे लागत नाहीत. या बॅटरीला लिथियम-आयन म्हणतात. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळालेले दुसरे कोणी नाही. बॅटरीत दोन टोके असतात. चार्ज करताना लिथियमचे आयन एका टोकाकडून ग्रॅफाइटच्या टोकाकडे जातात, वापरताना परत येतात. तिरोड्याहून गोंदियाला रोज अप-डाउन करणाऱ्या नोकरदारांसारखेच. मात्र प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ग्रॅफाइटवर साचणाऱ्या थरात कायमचे अडकते. परतणारे कमी होत जातात. बॅटरी म्हातारी होते ती अशी. हे थांबवता येत नाही, पण हळू करता येते.

त्याचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. मोबाइल बनवणारे साधारणतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असे सांगतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो! परदेशातल्या सल्ल्यांत ही ओळ शेवटी येते. विदर्भात ती पहिली हवी. मोटरसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला मोबाइल, टपरीच्या पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल, उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज होणारा मोबाइल, या तिघांची बॅटरी वर्षभरात थकते. चार्ज करताना जाड कव्हर काढावे. हाताला चटका लागण्याइतका गरम झाला तर चार्जर काढून सावलीत ठेवावा. पण फ्रिजमध्ये ठेवू नये. आत दव धरते. उन्हाळ्यात चार्जिंगची उत्तम वेळ फजरची. हवा थंड असते आणि आपण जागे असतो.

दुसरा शत्रू म्हणजे काठोकाठ भरलेपण. १०० टक्क्यांवर बॅटरीचे व्होल्टेज सर्वांत जास्त असते आणि त्या अवस्थेत तासन्‌तास राहिली की झीज वाढते. अगदी शून्यावर नेणेही वाईट. २० ते ८० च्या दरम्यान ठेवणे सर्वांत चांगले. आता अनेक मोबाइलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर ती शोधावी. ज्या दिवशी प्रवास आहे त्या दिवशी मात्र बिनधास्त १०० करावी. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

इथे एक जुना गैरसमज आड येतो. नवा मोबाइल आधी आठ तास चार्ज करा, पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, असे दुकानदार अजून सांगतात. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचा आहे. लिथियमला ती सवय नसते. दिवसातून दोनदा थोडी-थोडी चार्ज केली तरी चालते. ५० टक्के दोनदा भरले की एकच फेरी मोजली जाते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलवर अट घातली आहे की ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीची किमान ८० टक्के ताकद शिल्लक राहिली पाहिजे. रोज एक फेरी धरली तर ही दोन वर्षांहून थोडी अधिक झाली. जपून वापरणाऱ्याला त्यापुढेही तीच बॅटरी साथ देते.

आता रोजच्या पुरवणीकडे वळू. नव्या मोबाइलचे पहिले काही दिवस हिशेबात धरू नयेत. जुने फोटो, संपर्क, ॲप सगळे उतरत असते, अपडेट होत असते, त्यामुळे बॅटरी भराभर जाते. आठवडाभराने सेटिंगमध्ये जाऊन कोणते ॲप किती टक्के खाते ते पाहावे. ही यादी म्हणजे घरखर्चाची वहीच. त्यात दोन प्रकारचे खर्च दिसतील. एक आपण केलेला, दुसरा आपल्या नावावर परस्पर झालेला. पहिल्यात पडद्याचा उजेड सर्वांत मोठा. तो कमी ठेवावा, ९० किंवा १२० हर्ट्झऐवजी ६० निवडावे. काळी पार्श्वभूमी एमोलेड पडद्यावर उपयोगी पडते, साध्या एलसीडीवर नाही, कारण तिथे मागचा दिवा सुरूच राहतो.

दुसरा खर्च हाच खरा इस्राफ. शुक्रवारी सकाळी प्रत्येक ग्रुपवर 'जुम्मा मुबारक'ची पन्नास चित्रे आणि दहा व्हिडिओ येतात आणि आपण न पाहताही उतरतात. भावना चांगली आहे, पण सेटिंगमधून आपोआप डाउनलोड बंद केले तर पुण्यात काही कमी होणार नाही. सिग्नल कमकुवत असलेल्या भागात, नागझिऱ्याच्या जंगलाकडल्या गावांत किंवा धावत्या गाडीत, मोबाइल टॉवर शोधत राहतो आणि जास्त जोर लावतो. तिथे ५जी बंद करून ४जीवर ठेवावा. रेंजच नसेल तर विमान मोड.

नमाजच्या वेळा आणि किबला दाखवणारी ॲप आपल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. त्यातली बरीच लोकेशनची परवानगी 'नेहमीसाठी' मागतात. तिरोड्याच्या वेळा काढायला तिरोड्याचे अक्षांश-रेखांश आणि तारीख पुरते; गाव एकदा हाताने निवडले की काम झाले. परवानगी 'वापरताना' एवढीच द्यावी. यात बॅटरीपेक्षाही मोठा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मुस्लिम प्रो' या जगभर चालणाऱ्या ॲपमधील लोकेशनची माहिती एका माहिती-व्यापारी कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, अशी बातमी आली. ॲपच्या चालकांनी नंतर त्या कंपनीशी संबंध तोडला. जे ॲप आपल्या नकळत बॅटरी खाते, ते आपल्या नकळत आणखी काय करते, हेही विचारायला हवे.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. 'बॅटरी वाढवा', 'मोबाइल साफ करा' म्हणणारी ॲप घेऊ नयेत. ती स्वतःच जाहिराती दाखवून बॅटरी खातात. उघडी ॲप दर पाच मिनिटांनी बोटाने उडवण्याची सवय सोडावी; तेच ॲप पुन्हा नव्याने उघडताना अधिक वीज जाते. बाजारातला बिननावाचा चार्जर घेऊ नये, बीआयएसची खूण पाहावी. मोबाइलची पाठ फुगलेली दिसली तर तो त्याच क्षणी बंद करावा, दाबू नये, चार्ज करू नये. ती बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये, आग लागते. दुकानदाराकडे परत द्यावी.

आणि बॅटरी थकली म्हणजे मोबाइल संपला, असे नाही. त्या विद्यार्थ्याच्या आईचा मोबाइल चार वर्षांचा होता. उजेड पूर्ण, लोकेशन सुरू, सगळे व्हिडिओ आपोआप उतरणारे. ते आम्ही त्याच संध्याकाळी बंद केले, थोडा फरक पडला. पण म्हाताऱ्या बॅटरीला सेटिंगने तरुण करता येत नाही. शेवटी गावातल्याच कारागिराकडे नवी बॅटरी बसवली, पंधराशेपेक्षा कमी खर्चात. तिच्या धाकट्या मुलीला आता त्यावर दीक्षाचे धडे पाहता येतात. मोबाइल रात्री आईजवळ असतो आणि ती झोपण्याआधी तो ८० टक्क्यांवर काढून ठेवते. "बेटी याद दिलाती है," असे ती म्हणाली.

आपल्या मोहल्ल्यात नवा मोबाइल येतो तेव्हा मिठाई वाटली जाते, कव्हर घेतले जाते, काच लावली जाते. त्याच दिवशी घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवून ही अर्ध्या तासाची सेटिंगही करून घ्यावी. सोबत घरातल्या आजीला आणि आईला बसवावे, कारण बहुतेक ओटीपी त्यांच्याच नावावर येतात आणि मोबाइल मात्र दुसऱ्याच्या खिशात असतो. त्यांच्या हाती तो चालू स्थितीत आणि वेळेवर पडावा, याची काळजी घरातल्या पुरुषांनी घ्यायची आहे. शाळेत आम्ही मुलांना आता एवढाच गृहपाठ देतो: आज घरातल्या मोबाइलमध्ये न विचारता खर्च करणारी तीन ॲप शोधून आणा.