दोन तासांची पाळी

श्रावणापासून पेजवर काही टाकलं नव्हतं. बऱ्याच जणांनी विचारलं, वाल पेरलेत की नाही, वाडीचं काय चाललंय. कारण एकच. नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी दादा माडावरून पडला. झाड ओलं होतं. कमरेच्या वरचा मणका मोडला.

आपल्या किनाऱ्यावर माड-पोफळीवर चढणारी माणसं घरोघरी आहेत, म्हणून हे आधी लिहितो. पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका. पाणी पाजू नका. आम्ही पडवीचं दार काढलं, चार जणांनी मान-कंबर एका रेषेत धरून दादाला त्यावर घेतलं आणि 108 ला फोन केला. अलिबागहून रात्रीच मुंबईला हलवलं. ऑपरेशन झालं, पण पाय हलेनात. डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजू नका, महिने मोजा.

अशा दुखण्यात सोबतीच्या माणसाचं मुख्य काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं. कमरेखाली कळत नाही, म्हणून पेशंट स्वतः हलत नाही. माकडहाड, खुबे, टाचा दाबल्या गेल्या की तिथलं रक्त थांबतं आणि जखम पडते. ती भरायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. रात्री बारा, दोन, चार, सहा. नर्स एक आणि खाटा चाळीस, तेव्हा हे घरच्यांनीच करायचं.

पहिले अकरा दिवस वहिनी खाटेजवळून हलली नाही. बाराव्या दिवशी तीच चक्कर येऊन पडली. मग कागदावर पाळ्या लावल्या, शिपणाच्या लावतो तशा. वहिनी, मी, पुतण्या, प्रत्येकी तीन दिवस. पाळी संपली की घरी यायचं, भाताकडे बघायचं आणि झोपायचं. झोप हीसुद्धा पाळीतच धरली. पावसात मांडव्याहून गेटवेची लाँच बंद असते. रो-रोनं भाऊच्या धक्क्याला जायचं, आणि समुद्र खवळून तीही रद्द झाली तर पेण-पनवेलवरून एसटी. म्हणून पुढची पाळी ज्याची, तो एक दिवस आधीच निघायचा.

खर्चाचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. महात्मा फुले योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. मोठ्या सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षक असतात. राहायची सोय, मदत, पुढं कुठं न्यायचं, हे त्यांना विचारायला लाजू नका.

इस्पितळातून दादाला हाजीअलीच्या संस्थेत नेलं. केंद्र सरकारची, 1955 पासूनची, अपंगांच्या पुनर्वसनाची. तिथं बसायला शिकवतात, खाटेवरून खुर्चीत सरकायला शिकवतात, लघवीची नळी कशी सांभाळायची ते घरच्यांना शिकवतात. दादा सगळं मुकाट्यानं करायचा. बोलायचा मात्र नाही. महिनाभर "हो" आणि "नको" एवढंच.

दरम्यान वाडीसाठी एका एजंटचा फोन आला. किहीममध्ये जागा म्हटलं की असे फोन येतातच. "आता वाडी कोण बघणार? दवाखान्याला पैसे लागतील." पैसे लागत होते, हे खरंच होतं. घरात दोन मतं पडली. आई म्हणाली, त्याला विचारल्याशिवाय बोलू नका. पुतण्या म्हणाला, त्याला आता कशाला त्रास?

मी विचारलं. दादा बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विहिरीकडच्या माडांची आळी केलीत का?" केली नव्हती. "मग वाडी कशी विकता? आधी आळी करा. चढायला माणूस लावू. बघायला मी आहे."

त्या दिवसापासून रोज त्याला काहीतरी विचारायचं ठरवलं. मन रमवायला नाही, खरंच अडलेलं. कापणी कधी धरायची, कोणत्या तुकड्यात वाल टाकायचे, मजुरी किती द्यायची. त्यानं सांगितलं तसंच केलं. दोनदा त्याचा अंदाज चुकला, तेही त्याला सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

कापणी-झोडणी आळीतल्या लोकांनी केली. वाल उशिरा पेरले, पण धरलेत. दादाला मार्गशीर्षात घरी आणलं. रेतीत खुर्चीची चाकं रुततात, म्हणून पडवीपासून विहिरीपर्यंत सिमेंटची वाट केली आणि संडासाचं दार रुंद केलं. पायाला कॅलिपर लावून, दांडीला धरून तो आता बारा पावलं टाकतो. माडावर पुन्हा चढणार नाही, हे त्याला कळलंय आणि आम्हालाही. चढणारा वर गेला की खालून आवाज देतो, "ती पेंड नको, अजून पंधरा दिवस."

रात्रीची कूस अजून चालूच आहे. पाळ्यांचा कागद आता घड्याळाखाली लावलाय. कोणाच्या घरी असं माणूस अंथरुणाला असेल, तर त्याला पहिल्या आठवड्यातच असा कागद करायला सांगा.

उद्या खालच्या तुकड्यातले वाल काढायला घेतोय. दादा म्हणतो, हिरव्या शेंगा थोड्या पोपटीला ठेवा.