वरच्या वर्गातले पहिले वर्ष

आमच्या मामेभावाचे बिऱ्हाड इंग्लंडमधल्या ल्यूटन शहरात, बरी पार्क नावाच्या मोहल्ल्यात आहे. मोहल्ला हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. मशिदी, हलाल मटणाची दुकाने, कापडाची दुकाने, मिठाई, सगळे तिथे आहे. वस्ती मुख्यतः पाकिस्तानी, काश्मिरी आणि बांगलादेशी मुसलमानांची. आपली कोकणी माणसे शोधावी लागतात, असे भाई म्हणतो. या मोहल्ल्याला लागूनच फुटबॉलचे एक जुने मैदान आहे. ल्यूटन टाउन हा क्लब 1905 पासून तिथे खेळतो. एका बाजूच्या प्रेक्षकांना आत जायचे तर चाळीसारख्या घरांच्या रांगेतून वाट आहे. तिथून जिना वर चढतो आणि खाली लोकांची परसे दिसतात. भाईने तो फोटो पाठवला तेव्हा अम्मा म्हणाली, "हे तर आपल्या वाडीसारखंच. दुसऱ्याच्या खळ्यातनं वाट."

फुटबॉल आम्हाला कळतो असे नाही. नववीच्या वर्गावर उर्दू शिकवताना मागच्या बाकावरून आर्सेनल आणि लिव्हरपूल ऐकू येते, तेवढेच आमचे ज्ञान होते. पण 27 मे 2023 च्या रात्री भाईचा फोन आला आणि मागून मोटारींचे हॉर्न, लोकांचे ओरडणे असा गलका. ल्यूटनने कॉव्हेंट्रीला पेनल्टीत 6-5 ने हरवले होते. क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला होता. भाई कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस, त्याचा आवाज एरवी थकलेला असतो. त्या रात्री तो म्हणाला, "मास्तर, अरे चौदा वर्षांपूर्वी हा क्लब संपला होता!"

त्या एका वाक्यामुळे आम्ही या क्लबाच्या नादी लागलो. 2007 साली ल्यूटन दिवाळखोरीत गेला. 2008-09 च्या हंगामात त्याचे सुरुवातीलाच 30 गुण कापले गेले: आधीच्या कारभाऱ्यांच्या काळात एजंटांना पैसे देताना झालेल्या नियमभंगाबद्दल 10 आणि दिवाळखोरीतून रीतसर बाहेर न पडल्याबद्दल 20. एका विजयाचे 3 गुण. म्हणजे दहा सामने जिंकायचे तेव्हा कुठे शून्यावर यायचे. आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला वार्षिक परीक्षेआधीच उणे तीस गुण दिले तर तो पेपरालाच बसणार नाही. हे खेळले आणि अर्थात पडले. लागोपाठ तीन वर्षे खाली उतरत पाचव्या पायरीवर पोहोचले. क्लब तेव्हा त्याच्याच चाहत्यांच्या एका गटाने घेतला होता. पाच वर्षे ते तिथे राहिले, 2014 मध्ये वर आले, 2018 आणि 2019 मध्ये एकेक पायरी चढले. पेली रडॉक म्पान्झू नावाचा खेळाडू तर पाचव्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत याच एका क्लबाबरोबर चढला.

आता पैशाचे. त्या एका विजयाची किंमत जाणकारांनी किमान 17 कोटी पौंड काढली होती, म्हणजे आपले सतराशे कोटींच्या वर. असा पैसा अंगावर आला की माणसाचे काय होते? उदाहरण फार लांबचे नाही, ब्रॅडफर्डचे. तेही आपल्या लोकांचे शहर. तिथला क्लब 1999 मध्ये वर गेला, शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला हरवून एक वर्ष टिकला आणि 2000 च्या उन्हाळ्यात मोठ्या पगाराचे खेळाडू आणत सुटला. बेनितो कार्बोने या एकाच इटालियन खेळाडूचा पगार आठवड्याला 40,000 पौंड. तो काळ सहा आठवड्यांचा वेडेपणा होता, असे पुढे त्यांच्या अध्यक्षांनीच कबूल केले. 2001 मध्ये क्लब खाली आला, 2002 मध्ये दिवाळखोरीत गेला आणि 2007 पर्यंत चौथ्या पायरीवर पोहोचला.

ल्यूटनच्या लोकांनी यातले काही केले नाही. पैसा आला तो आधी मैदानावर घातला, सुमारे एक कोटी पौंड. हौस म्हणून नव्हे. प्रीमियर लीगला कॅमेऱ्यांसाठी, पत्रकारांसाठी, दिव्यांसाठी ठरावीक सोयी लागतात आणि त्या तिथे नव्हत्याच. काम वेळेत झाले नाही म्हणून घरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला. आमच्याकडे पावसाआधी शाकारणी राहून जाते तसेच. खेळाडू घेतले ते स्वस्तातले, काही चक्क फुकट; रॉस बार्कलीसारखा इंग्लंडकडून खेळलेला माणूस एक पैसा न मोजता आणला. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने डेक्लन राइस या एका खेळाडूसाठी साडेदहा कोटी पौंड कबूल केले होते. शर्टाच्या छातीवर जुगाराच्या कंपनीचे नाव घ्यायचे नाही, हेही ल्यूटनचे ठरलेले. भाईला याचे फार अप्रूप. म्हणाला, "आपल्या पोरांना हा शर्ट घालून मदरशात जाता येतं."

त्यांचा हिशोब समजायला सोपा होता. वर टिकलो तर उत्तम. पडलो तरी अंगावर कर्ज नको. खाली पडणाऱ्या क्लबला काही काळ लीगकडून पैसे मिळत राहतात, त्याला तिकडे पॅराशूटचे पैसे म्हणतात. एकाच वर्षात परतणाऱ्याला ते दोन वर्षे मिळतात. तो पैसा आणि उरलेली शिल्लक मिळून शहराच्या मध्यभागी, पॉवर कोर्ट नावाच्या जागेवर नवे स्टेडियम बांधायचे. जुन्या मैदानात अकरा-बारा हजारच माणसे मावतात. तिकिटांवर क्लब चालणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हे सगळे आम्हाला इतके पटले याला कारण होते. त्याच वर्षी आमचीही बढती झाली होती. अकरा वर्षे विनाअनुदानित उर्दू हायस्कुलात काढल्यावर 2023 च्या सुरुवातीला आमच्या शाळेचे नाव 20 टक्के अनुदानाच्या यादीत आले. बी.एड. करून संस्थेच्या महिना तीन हजारांवर आणि शिकवण्यांवर संसार केलेल्या माणसाला पगाराचा पाचवा हिस्सासुद्धा केवढा वाटतो, हे ज्याने भोगले त्यालाच कळेल. पगारपत्रक हातात पडायचा अवकाश, कर्ज देणारे दारात. आमच्या एका सहकाऱ्याने पुढचा टप्पा येणारच या भरवशावर कर्ज काढले आणि स्लॅबचे घर बांधले. आम्ही काढले नाही. चिऱ्याचे घर, वरची कौले बदलून घेतली, दोन वासे बदलले आणि उरले ते मुलीच्या नावे ठेवीत टाकले. स्टाफरूममध्ये आम्ही ल्यूटनचा दाखला देऊन ब्रॅडफर्डची गोष्ट रंगवून सांगत असू. सहकारी हसून म्हणत, "तुमचा क्लब किती सामने जिंकला, ते सांगा आधी."

फार जिंकला नाही. 38 सामन्यांत 6 विजय, 8 बरोबरी, 26 गुण. पण काय सामने खेळले! लिव्हरपूलला शेवटच्या मिनिटापर्यंत मागे ठेवले आणि 1-1 वर समाधान मानले. आर्सेनलशी 3-3 असताना सत्त्याण्णवाव्या मिनिटाला त्याच राइसने गोल केला. ब्रायटनला 4-0 ने हरवले. डिसेंबरमध्ये कर्णधार टॉम लॉकयर मैदानातच कोसळला, त्याचे हृदय थांबले होते, डॉक्टरांनी वाचवला. त्या रात्री भाईच्या मशिदीत त्याच्यासाठी दुआ झाली. बचावाचे खेळाडू एकेक करून जखमी होत गेले आणि हंगामभरात 85 गोल खाल्ले. जानेवारीत खरेदीची खिडकी उघडते. तेव्हा दोन चांगले बचावपटू घेतले असते तर? क्लबाने मूठ सैल सोडली नाही. मे 2024 मध्ये ते खाली आले. वर्गात पोरांनी लगेच ऐकवले, "सर, आपकी टीम तो नीचे चली गई." आम्ही फळ्यावर पॅराशूटचे गणित मांडून दाखवले. पोरांना ते पटले नाही, पण तास मजेत गेला.

याच ठिकाणी हा लेख संपला असता तर आम्हाला बरे वाटले असते.

अम्माचे गुडघे 2022 पासूनच गेलेले. संडास आमच्या परसात, विहिरीच्या पलीकडे. घरातच न्हाणीला लागून कमोडचा संडास करून घ्या, असे आमची बायको पहिल्या पगारापासून सांगत होती. आम्ही म्हणत होतो, पुढचा टप्पा येऊ दे. ठेव मोडायची नाही, कर्ज काढायचे नाही. टप्प्याचा कागद काही येईना. एक पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै 2024 मध्ये, फजरच्या आधी अम्मा छत्री आणि विजेरी घेऊन बाहेर पडली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, औषधे, गाडी मिळून खर्च 1 लाख 80 हजार. ठेव मोडली. पुढच्या महिन्यात घरात संडास बांधला, त्याला 62 हजार लागले. हे दोन आकडे आम्ही एकाच वहीत, एकाच पानावर लिहून ठेवले आहेत. बायकोने एका शब्दाने विचारले नाही. कर्जाने घर बांधणारे सहकारी दवाखान्यात भेटायला आले, तेही काही बोलले नाहीत. त्यांचे हप्ते थकले होते, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्यांच्या वडिलांची शेवटची दोन वर्षे पक्क्या, कोरड्या खोलीत गेली, हेही ठाऊक होते.

तिकडे ल्यूटनचे काय झाले? एक वर्षाने ते पुन्हा वर जातील असे सगळे धरून चालले होते. 2024-25 मध्ये ते बाहेरच्या मैदानांवर लागोपाठ हरत गेले, जानेवारीत प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स गेले. 3 मे 2025 ला शेवटच्या सामन्यात 5-3 ने हार झाली. हल सिटीचे आणि त्यांचे गुण सारखेच, 49. गोलांच्या हिशोबात हल वाचला, ल्यूटन तिसऱ्या पायरीवर आला. एक बरोबरी जास्त असती तर टिकले असते. दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली. कर्जात बुडून नव्हे, हे खरे. पण जपून चालणाऱ्याचा पाय घसरत नाही असे मात्र आम्ही वर्गात पुन्हा सांगितलेले नाही.

भाईला आम्ही फोनवर विचारले, "दोन खेळाडू घ्यायला हवे होते का रे तेव्हा?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "2009 साली मी इथं नवा होतो. शेजारचा गोरा म्हातारा दारात बसून रडत होता, क्लब बंद होणार म्हणून. या मे महिन्यात तोच भेटला. शिव्या देत होता. रडला नाही." एवढे सांगून तो पाळीवर गेला.

मागे त्याने पॉवर कोर्टच्या नव्या स्टेडियमचे चित्र पाठवले. 2024 च्या डिसेंबरात त्याच्या नव्या आराखड्याला मंजुरी मिळाली, पंचवीस हजार माणसे बसतील एवढे. अम्मा आता वॉकर धरून ओटीपर्यंत येते. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले. उजेड, काचा, बाहेर झाडे. मग आम्हाला विचारले, "एवढ्या माणसांना संडास कुठं केलेत यात?" आम्ही चित्र मोठे करून शोधू लागलो.