कांड्यावर फोकस

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत बैलगाडा सुटतो तेव्हा सगळ्यांत पुढे घोडी असते. तिच्या मागे कांड्याची जोडी, त्यामागे जुकाटाची, आणि शेवटी हाकणाऱ्याविना उसळत येणारा गाडा. बारी काही सेकंदांत संपते. गाडामालकाला त्या सेकंदांतून एकच गोष्ट हवी असते. "भाऊ, घोडी नको, माझ्या कांड्याचं तोंड आलं पाहिजे." कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मात्र घोडीलाच धरतो, कारण ती सगळ्यांत जवळ असते. कारेगावात टेलिफोटो झूम घ्यायला निघालेला कोणी विचारतो, ओरिजिनल घेऊ की थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीची? मी त्याला आधी विचारतो, घोडीवरून कांड्यावर फोकस किती लवकर येतो ते पाहिलंस का?

कारण तिथे चुकायला जागा फार थोडी आहे. फुल फ्रेम बॉडीवर 200 मिमी, एफ 2.8 आणि विषय 20 मीटरवर असला, तर तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम पावणेदोन मीटरचा. घोडीच्या नाकापासून गाड्याच्या चाकापर्यंतचं अंतर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एका चौकटीत एकच जोडी स्वच्छ येणार, हे आधीच ठरलेलं. बैल सेकंदाला दहा मीटर पुढे येतो असं धरलं, तर फोकस पाव सेकंद अडखळला तरी बैल तेवढ्यात अडीच मीटर सरकतो आणि पट्ट्याबाहेर जातो. लेन्सची धार, कोपऱ्यातली स्पष्टता, भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याचे फोटो, हे सगळं त्या पाव सेकंदानंतरचं. तक्ता जागचा हलत नाही. म्हणून तक्त्याच्या निकालावर लेन्स विकत घेणाऱ्याला मी दरवेळी थांबवतो.

थर्ड पार्टीवरचा जुना अविश्वास बिनबुडाचा नव्हता. कॅमेरा कंपन्या आपल्या बॉडीची आणि लेन्सची आपसातली भाषा बाहेर देत नसत. सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांना ती उलगडून काढावी लागे. नवी बॉडी आली, भाषा जरा बदलली, की जुनी लेन्स गप्प बसायची भीती असे. लेन्स कंपनीकडे नेऊन आतला प्रोग्राम बदलून घ्यावा लागे. यात्रेच्या हंगामात, चैत्र-वैशाखात, ते कोणाला परवडणार?

मग मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली आणि आमच्या भागातले घाट ओस पडले. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली. मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याची कायदा दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या या साडेसात वर्षांत लेन्सचं जग पार बदललं. टॅमरॉनची 150-600 बंदीच्या थोडी आधी आली होती, सिग्माच्या दोन 150-600 पाठोपाठ आल्या. 2017 मध्ये टॅमरॉनची 70-200 एफ 2.8 ची दुसरी पिढी आली, पुढच्या वर्षी सिग्माची स्पोर्ट्स. आम्ही तोवर कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धा, लग्नं आणि भिगवणचे रोहित पक्षी यांच्यावर हात चालवत होतो. घाट पुन्हा गजबजले तेव्हा गर्दीत थर्ड पार्टी लेन्स लावलेली पोरं सगळीकडे दिसली, आणि त्यांचे फोटो चांगले होते. हे मोकळेपणाने म्हटलंच पाहिजे.

त्याचं एक कारण आमचं ऊन. चैत्रातल्या दुपारी आयएसओ 400 ला एफ 6.3 वरसुद्धा सेकंदाचा दोन हजारावा भाग सहज मिळतो. खुरांनी उडालेलं ढेकूळ हवेत गोठतं. त्या उजेडात एफ 2.8 साठी मोजलेले जादा पैसे एक्सपोजरला लागतच नाहीत. पार्श्वभूमीचं म्हणाल, तर 400 मिमी एफ 5.6 वरही गर्दी पुरेशी विरघळते.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. या दोन्ही कंपन्यांनी डीएसएलआरच्या लेन्ससाठी एक छोटा डॉक काढला. लेन्स त्यावर बसवून संगणकाला जोडायची आणि फोकसची हद्द स्वतः आखायची. ओरिजिनल लेन्सवरचं हद्दीचं बटण कंपनीने ठरवलेल्या अंतरांतच चालतं. इथे मी सांगू शकतो, की 12 मीटरच्या अलीकडे शोधायलाच जाऊ नकोस. भंडारा उधळला की पिवळा लोट थेट लेन्सपुढे येतो, आणि हद्द नसलेली लेन्स त्या लोटाच्या नादी लागून पार जवळच्या टोकाला जाऊन परत येते. तेवढ्यात निशाण पडलेलं असतं. सिग्माच्या 150-600 मध्ये फोकसचा वेगही त्याच डॉकवर वाढवता येतो. गाड्याचे फोटो काढणाऱ्याने हा डॉक लेन्सबरोबरच घ्यावा. तो नसेल, तर थर्ड पार्टी घेण्यातला अर्धा फायदा गेला.

पण संध्याकाळी त्याच यात्रेत कुस्त्यांचा आखाडा भरतो, आणि तिथे माझं मत फिरतं. खांबावरचे चार-सहा दिवे, खाली लाल माती, आणि पकड सुटायच्या आत टिपायचा डाव. एफ 2.8 वर एफ 6.3 च्या पाचपट उजेड आत येतो. डीएसएलआर फोकस करताना छिद्र पूर्ण उघडं ठेवतो आणि अनेक बॉडींमधले सर्वांत अचूक फोकस बिंदू एफ 2.8 च्या उजेडावरच पूर्ण ताकदीने चालतात. म्हणून 150-600 इथे पिशवीतच बरी. आणि एफ 2.8 मध्ये निवडायचं झालं, तर अंधुक उजेडात, काळ्यासावळ्या अंगांवर, रेषा कमी असलेल्या जागी, ओरिजिनल 70-200 चा फोकस न चाचपडता बसतो. दोन मल्ल एकमेकांना बिलगलेले असताना कॅमेऱ्याला धरायला कड मिळत नाही. त्या वेळी बॉडी आणि लेन्स एकाच घरातल्या असण्याचा फरक मला स्पष्ट दिसतो. ओरिजिनल म्हणजे निर्दोष असंही नाही. 2009 सालची निकॉनची नावाजलेली 70-200 जवळच्या विषयावर 200 मिमीला धरली की चौकट जवळपास 135 मिमी इतकी रुंद होते. आखाड्याच्या काठावर बसणाऱ्याला हे माहीत असावं.

वजन आणि धूळ यांबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. सिग्माची 150-600 स्पोर्ट्स 2.86 किलोची, तिचीच कंटेम्पररी 1.93 किलोची. 70-200 एफ 2.8 दीड किलोच्या आसपास. गर्दीत मोनोपॉड रोवायला जागा नसते, बारीमागून बारी सुटत राहते, आणि तिसऱ्या प्रहरी हात खाली आलेला असतो. शिवाय 150-600 झूम करताना लांब होते आणि पुढे आलेल्या नळीवर बसलेली धूळ, भंडारा आत ओढते. डीएसएलआरची 70-200 एफ 2.8 आतल्या आत झूम होते. कंटेम्पररीला सील फक्त माउंटपाशी आहे. दिवस संपल्यावर लेन्स आखडण्याआधी ब्रशने झाडायची, ओलं फडकं लावायचं नाही. हळदीचा चिखल झाला की तो फटीतून निघत नाही.

रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करून हप्त्यावर कॅमेरा घेणारी पोरं आता मिररलेसच घेतात, आणि तिथे प्रश्नाचं रूप पालटलंय. निकॉनने टॅमरॉनला झेड माउंटची रीतसर परवानगी दिली. 2022 पासून त्या लेन्स आल्या, त्यामुळे उलगडून काढलेल्या भाषेची धास्ती तिथे उरली नाही. सोनीचं दार उघडं आहे, पण दुसऱ्यांच्या लेन्सवर वेगवान बॉडीसुद्धा सेकंदाला 15 चौकटींवर थांबते. कॅननने 2024 मध्ये सिग्मा, टॅमरॉनला आरएफ माउंट दिला, तोही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरता.

सोनीच्या त्या 15 चौकटींवरून पोरं फार वाद घालतात. हिशेब सोपा आहे. सेकंदाला दहा मीटर पळणारा बैल दोन चौकटींमध्ये दोन तृतीयांश मीटर सरकतो. 30 चौकटी मिळाल्या तर एक तृतीयांश. कांड्याचे पुढचे दोन्ही पाय उचललेले आणि मान वर, असा क्षण मला 15 मध्ये मिळतो. सोनीवाल्यांना मी थर्ड पार्टीच घ्यायला सांगतो आणि उरलेल्या पैशांत दुसरी बॉडी. कॅननवाल्यांना सांगतो, जुनी ईएफ 70-200 वापरलेली घ्या आणि ॲडॅप्टरवर लावा. आरएफ बॉडीवर ती उत्तम फोकस करते. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एमआयडीसीच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचं, मित्राला गाडीवर आपल्या दिशेने यायला सांगायचं, त्याच्यापुढे दुसरा मित्र ठेवायचा, आणि मागच्याच्या चेहऱ्यावर फोकस लावायचा. पुढच्या मित्रावर फोकस उडी मारत असेल, तर ती लेन्स कोणत्याही नावाची असो, परत द्यायची.