आईचे श्रवण

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीने केला आहे. काय काय ऐकावे याची त्या समासातील यादी मोठी ऐसपैस आहे. व्रते आणि तीर्थे तर तीत आहेतच, परंतु चौदा विद्या, चौसष्ट कळा, औषधी आणि नाडीज्ञान यांनाही समर्थांनी त्यात जागा दिली आहे. हे सगळे ऐकावे, मात्र सार तेवढे घ्यावे व असार टाकून द्यावे, असा त्यांचा अभिप्राय आहे. एम. ए. च्या परीक्षेसाठी आम्ही हा समास वाचला, तेव्हा नाडीज्ञानाचा भक्तीशी संबंध काय, हे आम्हांस उमगले नव्हते. ते उमगायला आईचे डोळे जावे लागले.

आईच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही, असे डॉक्टरांनी प्रथमच सांगितले. पानाची किनार दिसते, अक्षर दिसत नाही. आमचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असे ती सांगते. मासिक हाती पडले की मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसकट वाचून काढणारी ही बाई. तेव्हा रोज संध्याकाळी तासभर तिला वाचून दाखवायचे, असे आम्ही मोठ्या निष्ठेने ठरविले. बेळगावाहून खानापूर तालुक्यातील शाळेपर्यंतच्या येरझारीत आमचे रोज दोन तास बसमध्ये जातात. वर शाळेचे कागदपत्र. पंधरवड्यातच आमची निष्ठा दमली. कंटाळवाणा परिच्छेद आला की तो हळूच ओलांडून आम्ही पुढे जाऊ लागलो. एके दिवशी आई शांतपणे म्हणाली, “मधलं गाळलंस काय रे?” तीस वर्षे मुलांच्या चोऱ्या पकडणारे आम्ही त्या दिवशी मान खाली घालून बसलो.

याच सुमारास आमची कन्या बेंगळूरहून सुट्टीला आली आणि आपला जुना फोन आजीच्या उशाशी ठेवून गेली. “यात पॉडकास्ट आहेत, आजी ऐकत बसेल,” ती म्हणाली. आम्ही नाक मुरडले. वाचन ते वाचन आणि ऐकणे ते रिकामपणाचे, अशी आमची पक्की समजूत. शिवाय तो शब्द! शोध घेतला तेव्हा कळले की ॲपलच्या आयपॉड या खिशातल्या यंत्राचे नाव आणि प्रक्षेपणाला असलेला इंग्रजी शब्द यांची सांगड घालून एका ब्रिटिश पत्रकाराने तो 2004 साली घडविला. ते यंत्र 2022 साली बंद झाले, नाव मात्र राहिले. वात गेली तरी आपण दिवाबत्ती म्हणतोच की.

मुळात ही चीज रेडिओच्याच घराण्यातली आहे. फरक इतकाच, की कार्यक्रमाच्या वेळेला आपण जायचे नाही, आपल्या वेळेला कार्यक्रमाने यायचे. पुणे आकाशवाणीने 1955-56 मध्ये गीतरामायणाची 56 गीते आठवड्याला एक अशी ऐकविली, तेव्हा घरोघर लोक ती वेळ धरून बसत. आता वेळ धरावी लागत नाही, चुकलेले पुन्हा ऐकता येते. यात सोय आहे खरी. वाट पाहण्याचा आनंद मात्र गेला, असे आम्हांस वाटते.

आईने मराठीपासून आरंभ केला. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ तिला पहिल्या दिवसापासून आवडली. एकच बातमी घ्यायची, ती थोडक्यात उलगडून सांगायची आणि थांबायचे, ही शिस्त तिला भावली. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांच्या ‘अमुक तमुक’मधील गप्पांविषयी तिचे मत दुहेरी आहे. आहार, निद्रा, मुलांचे संगोपन, मनाचे आजार अशा विषयांवर जाणत्या माणसांना बोलते करणारे हे तरुण गुणी आहेत, असे ती म्हणते, पण “हसतात फार, आणि प्रत्येक वाक्यात इंग्रजी कशाला घालतात?” तिची ही तक्रार आम्ही प्रथम उचलून धरली. मग लक्षात आले की आमची कन्याही असेच बोलते, आणि ते बोल आई निमूटपणे, नव्हे आनंदाने ऐकते. सीमाभागात आपले मराठी पोथीसारखे सोवळ्यात ठेवण्याची आम्हांस सवय जडली आहे. पुण्या-मुंबईत ती भाषा रस्त्यावर कशी चालते-बोलते, हे या गप्पांतून कानी पडते. कानी पडू द्यावे, असे आमचे मत झाले आहे.

खरी मौज मात्र इंग्रजीपाशी झाली. बसमधल्या दोन तासांसाठी कन्येने आमच्याही फोनवर काही कार्यक्रम उतरवून दिले होते. त्यांत नील मॅकग्रेगर यांची ‘शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास’ ही मालिका होती. मॅकग्रेगर हे तेव्हा ब्रिटिश म्युझियमचे संचालक. 2010 साली बीबीसीच्या रेडिओसाठी त्यांनी संग्रहालयातील शंभर वस्तू निवडल्या आणि प्रत्येकीवर सुमारे पंधरा मिनिटांचे निरूपण केले. वस्तू दिसत नाही, फक्त ऐकू येते. डोळस माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्या घरी ते अगदी सोईचे ठरले.

आईला इंग्रजी येत नाही. म्हणून सकाळी बसमध्ये ऐकायचे आणि रात्री जेवणानंतर तिला मराठीत सांगायचे, असा क्रम पडला. आफ्रिकेतील ओल्डुवाय येथे सापडलेले, अठरा-वीस लाख वर्षांपूर्वीचे दगडी हत्यार सांगितले, तर तिने विचारले, “हातात कसं बसतं? वरवंट्यासारखं की अडकित्त्यासारखं?” आम्हांस सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा ऐकावा लागला. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियातली मातीची पाटी सांगितली. तीवर मजुरांना वाटलेल्या बिअरचा हिशेब कोरला आहे. “म्हणजे लिहिणं हिशेबासाठी सुरू झालं तर, पोथीसाठी नव्हे,” ती म्हणाली, आणि मराठीचे एम. ए. असलेले आम्ही गप्प झालो. वाचून दाखविताना आम्ही चुकारपणा करीत होतो. येथे कागद नव्हता. जे ऐकले नसेल ते सांगताच येत नव्हते.

आमच्यासाठी म्हणून आम्ही मेल्विन ब्रॅग यांचे ‘इन अवर टाइम’ ठेवले आहे. 1998 साली सुरू झालेला हा कार्यक्रम ब्रॅग यांनी 2025 पर्यंत चालविला आणि हजारावर भाग केले. एक विषय, तीन प्राध्यापक, आणि कोणी पाल्हाळ लावले की मध्येच तोडणारे ब्रॅग. शून्य, भगवद्गीता, सम्राट अशोक हे आपले विषयही त्यात आहेत. शिक्षकांच्या सभेत असा एखादा ब्रॅग हवा, असे आम्हांस नेहमी वाटते. सुनील खिलनानी यांची भारतातील पन्नास व्यक्तींवरील मालिकाही (2015-16) अवश्य ऐकावी. तीत शिवछत्रपती, जोतीराव फुले व आंबेडकर यांच्या पंक्तीला मलिक अंबर आहे, आणि व्याकरणकार पाणिनीही.

एका मालिकेची शिफारस मात्र हात राखून करतो. ‘सीरियल’ ही 2014 ची अमेरिकन मालिका. पॉडकास्ट हा शब्द घरोघर पोहोचविला तो हिनेच. 1999 साली बाल्टिमोर येथे झालेल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाचा आणि तिच्या पूर्वीच्या मित्राला झालेल्या जन्मठेपेचा हा बारा भागांतील शोध. आम्ही तो आईला बारा रात्री सांगितला. “मग त्यानं मारलं की नाही?” असे रोज विचारणारी आई बाराव्या रात्री म्हणाली, “त्या पोरीच्या आईनं हे ऐकलं असेल काय रे?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे 2022 मध्ये तो सुटला, 2023 मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम झाली, आणि 2025 मध्ये भोगलेलीच शिक्षा पुरेशी ठरवून न्यायालयाने त्याला बाहेर राहू दिले. मधल्या काळात मुलीच्या भावाला न्यायालयात दाद मागावी लागली. आईला हे सगळे सांगितले. तिने नुसती मान हलविली. अशा मालिका आमच्या घरी पुन्हा लागल्या नाहीत.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बोलण्याचा वेग थोडा कमी करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरावी. आणि कार्यक्रम घरीच फोनवर उतरवून ठेवावेत, म्हणजे वाटेत रेंज गेली तरी अडत नाही. खानापूरच्या पुढे ती जातेच.

शंभरावी वस्तू आम्ही गेल्या महिन्यात सांगितली. मॅकग्रेगर यांनी शेवटी सोन्याचांदीचे काही निवडले नाही. निवडला तो सौरऊर्जेवर चालणारा प्लॅस्टिकचा लहानसा दिवा. जेथे वीज नाही तेथील माणसांसाठी केलेला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माहेरी मी चिमणीपाशी वाचायची. रॉकेल जळतं म्हणून आबा फुंकर मारायचे. मग अंधारात बसून पुढची गोष्ट मनानंच रचायची.”

आम्ही दिवा मालवायला उठलो, तर तिने हाक मारली.

“उद्या ती तेरावी पुन्हा सांग की. सिंधू संस्कृतीची मुद्रा. त्या दिवशी तू दमला होतास. मधलं गाळलंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटताच आम्ही तेरावा भाग लावला.