घरच्या राउटरचा पत्ता

व्यापारात पत्त्याला किंमत असते. मसाल्याचा घाऊक बाजार मस्जिद बंदरहून वाशीला आला, तेव्हा प्रत्येक पेढीला आपला नवा ठिकाणा परगावच्या आडत्यांना कळवावा लागला. आता तसाच प्रश्न घरातील राउटरपाशी येऊन ठेपला आहे.

वाशीच्या एका मिरची-व्यापाऱ्याचे हिशेब घरच्या संगणकावर असतात; वही घराबाहेर न्यायची नाही, हा वडिलांपासूनचा दंडक. खरेदीसाठी गुंटूरला गेल्यावरही मोबाईलवरून घरची टॅली उघडता यावी, अशी सोय मुलाने करून दिली होती. एकदा ऐन सौद्याच्या वेळी एका उधारीची बाकी पाहायची होती आणि घरचा संगणक काही केल्या सापडेना. घरी इंटरनेट व्यवस्थित चालू होते. बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा, आत येण्याचा मात्र बंद! बाकी आठवणीने धरून सौदा करावा लागला.

कारण शोधता ते जगभरच्या टंचाईत सापडले. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागात शिधावाटप सुरू झाले. तेव्हापासून अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. संपूर्ण सोसायटीचा एकच टपालपत्ता असावा आणि आतून गेलेल्या पत्राचे उत्तर तेवढे पहारेकऱ्याने आत सोडावे, तसा हा प्रकार. अशा सामाईक व्यवस्थेसाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते २०१२ साली राखून ठेवण्यात आले. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून असा आकडा दिसला, की आपण सोसायटीत आहोत हे ओळखावे.

मुलाच्या ध्यानात आले की जोडणी तोडून पुन्हा जोडली, तर कधी सामाईक पत्ता येतो, कधी खरा सार्वजनिक. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला : पत्ता पाहावा, सामाईक असेल तर जोडणी तोडावी, मिनिटभर थांबून पुन्हा जोडावी, सार्वजनिक मिळाला की थांबावे आणि नव्या पत्त्याची नोंद घराच्या ठरलेल्या नावासमोर करावी. युक्ती चालली. मात्र पहिल्याच आठवड्यात आजीचे पुण्याच्या लेकीशी चाललेले व्हिडिओ-बोलणे तीनदा तुटले. मग वेळ पहाटे तीनची ठरली आणि प्रयत्नांची मर्यादा दहा.

युक्ती हुशारीची खरी, पण बँकेत चांगला क्रमांक येईपर्यंत टोकन बदलत राहणाऱ्या खातेदाराची आठवण करून देणारी. दहाही प्रयत्न वाया गेले तर त्या दिवशी पेढी आंधळी! ज्यावर उधारी अवलंबून आहे, ती गोष्ट नशिबावर ठेवणे व्यापाऱ्याला शोभत नाही. कंपनीकडून मासिक शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे हाच सरळ मार्ग. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, पण तेथे दोन्ही टोकांना ती सोय हवी आणि राउटरची आतली कडीही काढावी लागते.

सार्वजनिक पत्ता म्हणजे रस्त्यावर उघडणारे दार, हेही विसरू नये. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. त्यामुळे टॅली थेट उघडी न ठेवता मध्ये व्हीपीएनचे कुलूप घातले गेले, पासवर्ड बदलले गेले.

शेवटी त्या व्यापाऱ्याने स्थिर पत्ता घेतला. त्याचे शुल्क मुनीमजींनी टेलिफोनखाती लिहिले होते. त्याने ते खोडायला लावून भाडेखाती टाकले.