नापास नोबिताची शिकवण

'डोरेमॉन' या जपानी चित्रकथेला नाव निळ्या यंत्रमांजराचे असले, तरी तिचा खरा नायक आहे नोबिता नोबी हा प्राथमिक शाळेतला मुलगा. तो परीक्षेत शून्य गुण आणतो, गृहपाठ टाळतो, शाळेत उशिरा पोचतो आणि वर्गात झोपतो. बेसबॉलमध्ये त्याच्या हातून झेल सुटतात. जियान नावाच्या दांडगट मुलाचा मार खाल्ला की तो रडत घरी येतो आणि डोरेमॉनकडे मदतीची याचना करतो. आळस, मत्सर, खोटे बोलणे, फुशारकी हे सगळे त्याच्यात आहे. मुलांच्या गोष्टींत खोडकर नायक पुष्कळ असतात, पण खोडकरपणाला चलाखी लागते. नोबितापाशी तीही नाही. बोटांवर दोरा गुंफून आकृत्या करणे, नेमबाजी आणि डोके टेकताच झोपी जाणे एवढेच त्याला उत्तम जमते, आणि यातले काहीच प्रगतिपुस्तकात येत नाही.

असा मुलगा पहिल्यांदा कुठे छापला गेला, हे पाहण्यासारखे आहे. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने ओळखले जाणारे हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) यांनी शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार मासिकांमध्ये जानेवारी १९७०च्या अंकांपासून ही कथा सुरू केली. ही मासिके शिकण्याला पूरक म्हणून निघत आणि मुलांसाठी घरी येत. त्यांच्याच पानांवर नापास होणाऱ्या मुलाला नायक करणे हा मोठा धीटपणा होता. जी मुले अभ्यासात मागे पडत, त्यांना आपल्यासारखे कोणी छापील पानावर प्रथमच भेटले असेल.

कथेची मांडणीही अपयशावरच उभी आहे. नोबिताने मोठेपणी घालवलेल्या पैशांचे कर्ज त्याच्या वंशजांच्या डोक्यावर बसते. म्हणून बाविसाव्या शतकातला त्याचा पणतूचा मुलगा सेवाशी आपल्या घरचा यंत्रमानव भूतकाळात पाठवतो. तो यंत्रमानवही काही अव्वल दर्जाचा नाही. डोरेमॉनचे कान उंदराने कुरतडून नेले आहेत आणि उंदीर दिसला की त्याची भीतीने गाळण उडते. सांभाळणारा आणि ज्याला सांभाळायचे तो, दोघेही अधुरे आहेत. म्हणूनच डोरेमॉनचे रागावणे वरून आलेल्या उपदेशासारखे ऐकू येत नाही.

बहुतेक भाग एकाच घाटाचे असतात. नोबितावर संकट येते, डोरेमॉन पोटावरच्या खिशातून एखादे यंत्र काढतो, काम फत्ते होते, मग नोबिताला हाव सुटते आणि सगळे अंगाशी येते. पाठांतराच्या पावाची गोष्ट याचा नमुना आहे. वहीच्या पानावर पाव दाबला की मजकूर पावावर उमटतो आणि तो खाल्ला की मजकूर पाठ होतो. नोबिता परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट फुटेस्तोवर पाव खातो, त्याचे पोट बिघडते आणि पाठ झालेले सगळे पोटाबरोबर रिकामे होते. इथे कोणी बोट नाचवून 'अभ्यासाला पर्याय नाही' असे सांगत नाही. यंत्र आपल्या नियमाने चालते आणि शिक्षा त्या नियमातूनच येते.

याहून खोल गोष्ट आहे ती माणसे नाहीशी करणाऱ्या कळीची. ती दाबून नाव घेतले की तो माणूस नाहीसा होतो, आणि तो कधी होता हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. छळाला कंटाळून नोबिता जियानला नाहीसे करतो. पण जियान गेला म्हणून छळ थांबत नाही, त्याची जागा त्याचा साथीदार सुनियो घेतो. पुढे स्वप्नातल्या भांडणात नोबिता सगळ्यांनाच नाहीसे व्हायला सांगतो, आणि जागा होतो तो रिकाम्या जगात. सुरुवातीला त्याला मजा वाटते. कोणी ओरडणारे नाही, दुकानातले हवे ते घ्यावे, खावे. मग रात्र होते आणि तो भीतीने रडू लागतो. जियानसुद्धा परत यावा असे त्याला वाटते. तेवढ्यात डोरेमॉन येतो आणि सांगतो की हे यंत्र मुळात हुकूमशहांना धडा शिकवण्यासाठीच बनवलेले आहे. नको असलेला माणूस पुसून टाकण्याची इच्छा दुबळ्याच्याही मनात येते, हे आठ-दहा वर्षांच्या मुलांना इतक्या प्रामाणिकपणे सांगणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

१९८३ साली अमेरिकेत आलेल्या 'ही-मॅन' मालिकेची रीत वेगळी होती. तिथे भाग संपल्यावर एखादे पात्र प्रेक्षकांकडे वळून त्या दिवसाचा बोध सांगत असे. नायक मुळातच बलवान आणि सज्जन असल्याने बोध कथेबाहेरून जोडावा लागे. आपल्याकडच्या 'छोटा भीम'चीही अडचण हीच आहे. लाडू खाऊन संकट निवारणाऱ्या भीमाचे कौतुक वाटते, पण त्याला स्वतःला शिकण्यासारखे फारसे उरलेलेच नसते.

चुकणाऱ्या मुलाची गोष्ट मराठी वाचकाला अनोळखी नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तला श्याम पोहायला भितो, लपून बसतो आणि आईचा मार खाऊन विहिरीवर जातो. मात्र श्यामची प्रत्येक चूक त्याला घडवत पुढे नेते, तर नोबिता पुढच्या भागात पुन्हा जिथल्या तिथे असतो. १९७४ सालच्या निरोपाच्या कथेत डोरेमॉनने निर्धास्तपणे जावे म्हणून नोबिता रात्री एकटाच जियानशी झुंजतो. तो मार खात राहतो, पण हटत नाही. शेवटी थकून जियानच माघार घेतो. पुढच्या महिन्यात डोरेमॉन परतला आणि नोबिताही पहिल्यासारखा झाला. हा मालिकेच्या धंद्याचा भाग खराच, पण मुलांच्या सवयी अशाच सुटतात आणि पुन्हा लागतात.

भारतात ही मालिका २००५ पासून हिंदीत दिसू लागली आणि महाराष्ट्रातल्या घरांतही रुळली. मुले आळस, हट्ट आणि आयत्यावर जगणे यातून शिकतात, अशी पालकांची तक्रार असते. ती पूर्णपणे खोटी नाही. नोबिताची मैत्रीण शिझुका अंघोळ करत असताना नोबिता तिथे जाऊन पडतो, हा वर्षानुवर्षे वापरलेला विनोद तर सरळसरळ वाईट आहे. त्याला कसलाही परिणाम जोडलेला नाही आणि त्यातून मुलग्यांना मिळते ती चुकीचीच समजूत. दोष दाखवण्यात गैर काही नाही. दोष हसण्यावारी नेला की मात्र बिघडते.

पण तक्रार करणाऱ्या पालकांना येता-जाता नोबिता यंत्र वापरून मजा करतानाच दिसतो. परिणाम शेवटच्या दोन-तीन मिनिटांत येतो. त्याच्यातले चांगलेही असेच नजरेतून निसटते. नोबिताच्या लग्नाच्या आदल्या रात्रीच्या कथेत शिझुकाचे वडील लेकीची निवड योग्य ठरवतात. याचे कारण नोबिताची हुशारी नाही, तर दुसऱ्याच्या सुखाने सुखावण्याचा आणि दुःखाने कळवळण्याचा त्याचा स्वभाव. हे टीव्ही बंद करून मुलांना कळणार नाही. पालकांनी एखादा भाग त्यांच्या शेजारी बसून अगदी शेवटपर्यंत पाहावा, आणि नोबिताचे कुठे चुकले हे मुलांनाच सांगू द्यावे.