आरोग्यसेवकाची भाषा : तक्त्यात न दिसणारे रिक्त पद

सीमाभागातील मराठी भाषकांच्या गाऱ्हाण्यांची यादी आपणां सर्वांस पाठ आहे. शाळा, जमिनीचे उतारे, बसवरील पाट्या, ग्रामपंचायतीच्या नोटिसा. या यादीत दवाखाना क्वचितच येतो. आजारी माणूस भाषेचा विचार करीत नाही, बरे होण्याचा करतो, अशी आपली समजूत असते. आमचीही होती.

नऊ वर्षांपूर्वीच्या आषाढात एका रात्री, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीतल्या आमच्या गावाहून चुलतभावाच्या पत्नीस बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात न्यावे लागले. भाऊ कामासाठी गोव्यात होता. गाडीत वहिनी, काकू आणि आम्ही एवढेच. गावच्या आशाताई दुसऱ्या वाडीवर गेल्या होत्या, त्या मागाहून येणार होत्या. पाऊस असा होता की, ओढ्यावरील साकवापाशी पाणी उतरेपर्यंत थांबावे लागले.

डॉक्टर जागे होते, हे आधी सांगितले पाहिजे. पंचविशीतला तरुण, राज्याच्या पार दक्षिण टोकाकडील, शिक्षणानंतरच्या सक्तीच्या ग्रामीण सेवेचे वर्ष भरीत असलेला. सोबतच्या परिचारिकाही परजिल्ह्यातून बदलून आलेल्या. दोघांनाही मराठी येत नव्हते. वहिनीला आणि काकूंना कन्नड येत नव्हते. आम्हास बाजारापुरते येत होते. म्हणून दुभाषी आम्ही झालो.

दीर समोर उभा असताना वहिनीने काय सांगावे? ‘पोट दुखतंय’ एवढेच तिने सांगितले. आम्ही त्याचे ‘होट्टे नोवु’ केले. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. त्यातला ‘नीरु’, म्हणजे पाणी, हा शब्द तेवढा आम्हास कळला आणि ‘केव्हा’ कळले. आम्ही विचारले, ‘वहिनी, पाणी केव्हा प्यालात?’ ती म्हणाली, ‘निघताना, भावजी.’ डॉक्टरांस आम्ही सांगितले, ‘घरून निघताना.’ त्यांनी घड्याळ पाहिले, काही लिहिले आणि थांबू या, अशी खूण केली.

आशाताई तासाभराने भिजत आल्या. त्या वहिनीच्या कानाशी वाकल्या आणि ताठ होऊन मोडक्या कन्नडमध्ये डॉक्टरांशी भराभर बोलू लागल्या. दुपारी बारालाच वहिनीच्या अंगावरून पाणी गेले होते. डॉक्टरांनी नेमके तेच विचारले होते. पाणी गेल्यावर जितका वेळ जाईल तितका बाळ-बाळंतिणीस जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आमच्या भाषांतराने त्या हिशेबातून अर्धा दिवस पुसून टाकला होता. त्यानंतर १०८ ची गाडी आली आणि पहाटे वहिनी बेळगावास पोहोचली. मुलगा झाला. संसर्गामुळे त्याला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आज तो तिसरीत आहे. त्या रात्रीविषयी वहिनी आमच्याशी कधीच बोललेली नाही, आणि आम्हीही विषय काढलेला नाही.

दोष कोणाचा? डॉक्टरांचा नव्हता, परिचारिकेचा नव्हता. दवाखान्यात एकही पद रिकामे नव्हते. सरकारी तक्त्याप्रमाणे त्या रात्री सर्व काही जागेवर होते.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘अंगावर’ हा एकच शब्द घेऊन बसावे. अंगावरून जाणे म्हणजे स्राव, मग तो पांढरा असो वा लाल. अंगावरून पाणी जाणे ही बाळंतपणाच्या आधीची खूण. अंगावर पाजणे म्हणजे बाळास दूध देणे. अंगावर दूध असणे, अंगावरचे दूध तुटणे हे पुढचे. आणि या सर्वांच्या वर, दुखणे अंगावर काढणे. एका शब्दाभोवती बाईचे निम्मे आरोग्य उभे आहे, आणि यांपैकी एकही अर्थ शब्दकोशातील ‘शरीरावर’ या प्रतिशब्दाने कळत नाही. वेदनेचेही तसेच. ठणकते, सलते, खुपते, ठसठसते, मुरडते, कळ येते, आग होते, हे सर्व ‘नोवु’ या एका शब्दात ओतले की डॉक्टरांच्या हाती उरतो तो फक्त चोथा. कन्नडातही वेदनेचे असेच बारकावे असणार. तेही आमच्या तुटपुंज्या कन्नडात मावले नसते.

गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि बहुसंख्य स्त्रियांची त्यापूर्वी कधीच तपासणी झाली नव्हती. अंगावर काढणे म्हणजे काय, हे त्या आकड्याने जगास सांगितले. जेथे डॉक्टर व रुग्ण यांची भाषा जुळण्याची शक्यता अधिक, तेथे ही स्थिती. जेथे ती जुळत नाही, तेथे बाई तोंड तरी कशी उघडेल?

आता नियोजनाकडे वळू. आपल्याकडील आरोग्यसेवेचे मनुष्यबळ लोकसंख्येच्या मापाने मोजले जाते. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० व २०,००० मागे. साधारण १,००० लोकांमागे एक आशा. जागतिक आरोग्य संघटनेचे जे माप पुष्कळदा सांगितले जाते, ते डॉक्टर, परिचारिका व सुईणी मिळून दर १०,००० लोकांमागे ४४.५ असे आहे. ही मापे निरुपयोगी नाहीत. त्यांच्या आधाराविना कोणीही सरकारला जाब विचारू शकणार नाही. परंतु त्यांत माणूस म्हणजे एक डोके. त्या डोक्याला तोंड आहे आणि तोंडात एक विशिष्ट भाषा आहे, याची नोंद कोठेही होत नाही.

याच संघटनेने कामाच्या बोजावरून कर्मचाऱ्यांची संख्या ठरविण्याची एक पद्धतही दिली आहे. एखादे काम नीट करण्यास किती वेळ लागतो हे आधी ठरवायचे, वर्षभरात तशी कामे किती येतात ते मोजायचे, आणि त्यावरून माणसे किती हवीत ते काढायचे. आमच्या मते भाषेचा प्रश्न येथून आत शिरू शकतो. गरोदर स्त्रीची तपासणी तिच्या भाषेत दहा मिनिटांत होत असेल, तर दुभाष्यामार्फत तिला वीस मिनिटे लागतील, आणि दुभाषी दीर असेल तर ती होणारच नाही. मग खानापुरातील एक डॉक्टर आणि मंड्यातील एक डॉक्टर हे तक्त्यात समान कसे? मंड्याचा डॉक्टर मंड्यात पूर्ण एक असतो. तोच खानापुरात आला की त्याचा अर्धा होतो, आणि उरलेले अर्धे पद रिक्त असल्याचे कोणालाही कळत नाही.

कर्नाटकाने २०१२ साली कायदा करून वैद्यकीय पदवीधरांस एका वर्षाची ग्रामीण सेवा सक्तीची केली. हेतू चांगलाच होता. बेळगावसारख्या शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, १९६३ पासून येथे डॉक्टर घडत आहेत, आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरील जंगलातल्या वाडीत मात्र डॉक्टर मिळत नाही, ही विसंगती दूर व्हायलाच हवी होती. परंतु एक वर्ष म्हणजे किती? त्या तरुण डॉक्टरांनी त्या रात्रीनंतर एक वही केली. तिच्यात मराठी शब्द कन्नड लिपीत लिहिलेले आणि समोर अर्थ. आशाताई त्यांना शब्द पुरवीत, मधूनमधून आम्हीही. ‘भोवळ’ आणि ‘घेरी’ यांत फरक काय, असे त्यांनी एकदा विचारले तेव्हा आम्हास नीट सांगता आले नाही. पुढे उन्हाळ्यापर्यंत ते बायकांशी दुभाष्यावाचून बोलू लागले. जूनमध्ये त्यांचे वर्ष भरले आणि ते गेले. वही सोबत नेली. ती त्यांचीच होती. नव्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आम्हास विचारले, ‘कन्नड बरत्ता?’

राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे ठरली, त्यांत १५ टक्के अल्पसंख्य भाषक असलेल्या जिल्ह्यात वा तालुक्यात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे आहे. या तरतुदीसाठी आपण भांडत आलो आणि पुढेही भांडू. मात्र ती कागदाची आहे. वहिनीला त्या रात्री सूचनाफलक नको होता. राज्यभाषा येते की नाही हे कर्मचाऱ्याकडून तपासून घेतले जाते. रुग्णाची भाषा येते का, हे त्यास कोणी विचारीत नाही.

अपवाद एकच, आशा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद निर्माण झाले, तेव्हा ती त्याच गावची रहिवासी स्त्री असावी, ही अट घातली गेली. म्हणजे नियोजनकर्त्यांस हे कळत होते. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने पुढे गावातल्याच बायकांस शिकवून दाखविले होते. गावच्या बाईला गावाची भाषा शिकवावी लागत नाही. तरीही या एका पदाला पगार नाही, मानधन आहे. जिने वहिनीच्या कानात बोलून अर्धा दिवस परत आणला, ती शासनाच्या लेखी स्वयंसेविका आहे! शिवाय तिच्या नोंदवह्या कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या आशाताई शेजारच्या मुलाकडून त्या भरून घेत. बायकांच्या गुप्त गोष्टी अशा रीतीने नववीतल्या मुलाच्या हाती जात.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. कर्नाटकात गरोदर स्त्रीस जे कार्ड मिळते त्यास ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्याकडील बायका त्यास ‘ताई कार्ड’ म्हणतात आणि ते आशाताईंचे कार्ड आहे असे समजतात. ही चूक आम्ही कधी दुरुस्त केली नाही.

सीमेपलीकडील वाचकांस एक सांगावयाचे आहे. जत वा अक्कलकोट तालुक्यातील कन्नड बाई महाराष्ट्राच्या दवाखान्यात याच जागी उभी असते, आणि तिचा दुभाषीही दीरच असतो. आमची मागणी तिच्यासाठीही आहे, अन्यथा ती मागणी करण्याचा आम्हास अधिकार नाही. आणखी एक. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली आरोग्य विमा योजना ८६५ सीमावर्ती गावांपर्यंत नेण्याचे ठरविले आणि कर्नाटकाने आक्षेप घेतला, तेव्हा दोन्हीकडे बराच धुरळा उडाला. योजना आम्हास हवीच आहे. पण कार्डाने बिल भरले जाते. साकवापलीकडे रात्री दोन वाजता वाकून ‘केव्हापासून गं?’ असे विचारण्यास बाईच लागते.

म्हणून मागील वर्षी आम्ही तालुक्याच्या कार्यालयात एक निवेदन दिले. प्रत्येक केंद्राच्या पदतक्त्यात भाषेचा रकाना असावा, परिचारिका प्रशिक्षणात या गावांच्या मुलींस जागा राखून त्यांची नेमणूक याच पट्ट्यात व्हावी, आणि बाहेरून येणाऱ्यास रुजू होतानाच महिनाभर स्थानिक भाषा शिकवून पुढे तेथे टिकण्यासाठी भत्ता द्यावा. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे वाचले. संगणकावरील तक्ता आमच्याकडे वळवून ते म्हणाले, मंजूर, भरलेली, रिक्त. तीनच रकाने आहेत, चौथा वरून यावा लागेल.

त्या रात्री घरी झोपलेली वहिनीची थोरली मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती आता परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे कन्नड, आता इंग्रजी. सुट्टीत आली की आशाताईंच्या नोंदवह्या तीच भरून देते. नेमणूक याच जिल्ह्यात मिळेल का, असे तिने परवा आम्हास विचारले. अर्जात गावाचे नाव लिहिण्यास जागा असते, आपली भाषा लिहिण्यास नसते, असे तीच पुढे म्हणाली.